फॉर्स्टरला पडद्यावर आणणारा मुंबईकर

विसाव्या शतकाच्या आरंभीचे इंग्लंड, तेथील जुनी घरे आणि शिष्टाचाराआड दडलेली मने जगभरच्या प्रेक्षकांना पडद्यावर भेटली, ती मुंबईत वाढलेल्या एका निर्मात्याच्या जिद्दीमुळे. इस्माईल मर्चंट हे त्यांचे नाव.

२५ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. फाळणीनंतर वडिलांनी पाकिस्तानात जाण्यास नकार दिला आणि मुलगा याच शहराचा राहिला. अभिनेत्री निम्मी यांच्या स्नेहामुळे त्याला बालपणीच चित्रपटांची ओढ लागली. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेऊन मर्चंट न्यूयॉर्कला गेले आणि तेथे त्यांनी व्यवसाय व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले.

१९६१ मध्ये अमेरिकी दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांच्यासह त्यांनी 'मर्चंट आयव्हरी' ही संस्था स्थापन केली. जर्मनीत जन्मलेल्या आणि विवाहानंतर दिल्लीत स्थायिक झालेल्या लेखिका रूथ प्रवर झाबवाला त्यांना येऊन मिळाल्या. भारतात इंग्रजी चित्रपट काढण्याच्या हेतूने निघालेले हे त्रिकूट पुढे ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबऱ्यांकडे वळले. तिघांपैकी एकही जन्माने इंग्रज नव्हता.

'अ रूम विथ अ व्ह्यू' (१९८५) सुमारे ३० लाख डॉलरमध्ये तयार झाला. एकट्या अमेरिकेत त्याने २ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली व तीन ऑस्कर पटकावले. पडद्यावरील वैभव काटकसरीतून उभे राहत असे. मानधन बेताचे, तगादे अनेक. अशा वेळी मर्चंट स्वतः स्वयंपाकाला लागत आणि साऱ्या चमूला भारतीय जेवण वाढून रुसवे दूर करीत.

या यशानंतर सोपा विषय निवडता आला असता. त्यांनी 'मॉरिस' (१९८७) निवडला. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही कादंबरी फॉर्स्टर यांनी हयातभर अप्रकाशित ठेवली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये छापली गेली. चित्रपट आला तेव्हा एड्सच्या धास्तीने समलिंगी व्यक्तींविषयीचा आकस वाढला होता. तरीही त्यांनी कथेचा सुखान्त बदलला नाही.

नंतर 'हॉवर्ड्स एंड' (१९९२) चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाले, तर काझुओ इशिगुरो यांच्या कादंबरीवरील 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९९३) या चित्रपटाला आठ नामांकने लाभली. हे चित्रपट गतवैभवाचे देखणे प्रदर्शन मांडतात, असा टीकेचा सूर होता. परंतु मालमत्ता, वर्ग आणि सभ्यतेपायी गमावलेले आयुष्य हेच त्यांचे खरे विषय होते. बाहेरून आलेल्या नजरेला ते अधिक स्पष्ट दिसले असावेत.

ऑस्करने मर्चंट यांना चार वेळा हुलकावणी दिली; भारत सरकारने २००२ मध्ये पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. २५ मे २००५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पार्थिव मात्र मुंबईत आणून मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन करण्यात आले. २०१८ मध्ये दोन पुरुषांच्या प्रेमकथेच्याच पटकथेसाठी आयव्हरी यांना ऑस्कर मिळाले. त्या वाटेवरचे अवघड पाऊल मर्चंट यांनी तीन दशकांपूर्वीच टाकले होते.