आउगुस्ट झांडर

आउगुस्ट झांडर (१७ नोव्हेंबर, इ.स. १८७६:हेरडोर्फ, जर्मनी - २० एप्रिल, इ.स. १९६४:कोलोन, जर्मनी) हे जर्मन छायाचित्रकार होते. विसाव्या शतकातील जर्मन समाजाच्या सर्व थरांतील माणसांची व्यक्तिचित्रे टिपण्याचा प्रकल्प त्यांनी अनेक दशके चालविला. यातील अनेक चित्रे स्टुडिओबाहेर, उघड्यावर घेतलेली आहेत. नैसर्गिक प्रकाश व पार्श्वभूमी यांच्या वापरासाठी ती आजही अभ्यासली जातात.

== पूर्वायुष्य ==
झांडर यांचे वडील खाणीत सुतारकाम करीत. स्वतः झांडरही लहान वयात खाणीवर कामाला लागले. तेथे छायाचित्रे घेण्यासाठी आलेल्या एका छायाचित्रकाराच्या मदतीला त्यांना देण्यात आले आणि त्यांना या कलेची गोडी लागली. काकांच्या आर्थिक मदतीने त्यांनी कॅमेरा घेतला व घरीच अंधारखोली उभारली. लष्करी सेवेनंतर इ.स. १९०१ मध्ये ते ऑस्ट्रियातील लिंत्स येथील एका स्टुडिओत रुजू झाले आणि पुढे त्याचे मालक झाले. त्या काळातील त्यांची चित्रे प्रचलित अभिरुचीला धरून, चित्रकलेसारखी धूसर व हाताने सुधारलेली असत. पुढे त्यांनी ही पद्धत पूर्णपणे सोडली.

== वेस्टरवाल्डमधील चित्रे ==
इ.स. १९१० च्या सुमारास झांडर यांनी कोलोनच्या लिंडेनथाल भागात स्टुडिओ थाटला. शहरात गिऱ्हाईक अपुरे पडे, म्हणून ते साहित्य घेऊन सायकलने आपल्या जन्मप्रदेशातील वेस्टरवाल्डच्या खेड्यांत जात व शेतकऱ्यांची चित्रे काढून देत. स्टुडिओतील रंगविलेला पडदा व काचेच्या छतातून येणारा नियंत्रित उजेड येथे नव्हता. अंगण, शेताची कड किंवा रस्ता हीच त्यांची जागा होती.

कडक उन्हात डोळे मिचकावले जातात आणि टोपीच्या काठाची सावली चेहरा झाकते. झांडर यांच्या उघड्यावरील बहुतेक व्यक्तिचित्रांत अशा सावल्या आढळत नाहीत. ढगाळ आकाशाचा किंवा आडोशाचा मऊ, पसरलेला उजेड चेहऱ्यावर व कपड्यांवर सारखा पडलेला दिसतो. काचेच्या मोठ्या प्लेटांवर काम करताना भिंगाचे छिद्र मोठे ठेवले की माणूस रेखीव आणि मागचा भाग अस्पष्ट येतो. त्यामुळे झाडे-शेते ओळखू येतात, पण लक्ष वेधून घेत नाहीत. त्या काळच्या अनेक प्लेटा लाल रंगास संवेदनशील नसत. परिणामी उन्हाने रापलेली कातडी अधिक गडद व सुरकुत्या ठळक उमटत, तर निळे आकाश कोरे पांढरे येई. इतरांनी हा दोष मानून तो पुसला असता. झांडर यांनी रेखाटून सुधारणा करणेच थांबविले.

इ.स. १९१४ मधील ‘तरुण शेतकरी’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र. काळे सूट घातलेले, हाती काठ्या घेतलेले तीन तरुण वाटेत थबकून कॅमेऱ्याकडे वळून पाहत आहेत. मागे फिकट, धूसर माळ असल्याने तिन्ही गडद आकृत्या स्वच्छ उठून दिसतात. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. हे तरुण प्रत्यक्षात खाणीशी संबंधित कामे करीत, असे नंतरच्या संशोधनात आढळले. म्हणजे चित्राचे शीर्षकही निर्विवाद पुरावा मानता येत नाही.

शहरातही पार्श्वभूमीचा हाच विचार दिसतो. इ.स. १९२८ मधील ‘बेकार’ या चित्रातील माणूस हाती टोपी घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा आहे. एका बाजूस भिंत, दुसऱ्या बाजूस दूर जाणारा अस्पष्ट रस्ता. त्याची परिस्थिती सांगण्यास दुसरे साधन वापरलेले नाही.

== प्रकल्प व नाझी राजवट ==
इ.स. १९२० च्या दशकात झांडर यांनी ‘विसाव्या शतकातील माणसे’ या प्रकल्पाची सात गटांत आखणी केली. त्यांतील पहिला गट शेतकऱ्यांचा होता. इ.स. १९२९ मध्ये ६० चित्रांचे ‘आंटलित्स देअर त्साइट’ (काळाचा चेहरा) हे पुस्तक आल्फ्रेड ड्योब्लिन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. यात मजूर, भटके व उद्योगपती यांना सारख्याच शांत नजरेने पाहिले होते. आदर्श वंशाच्या नाझी कल्पनेत हे बसणारे नव्हते. इ.स. १९३६ मध्ये पुस्तकाच्या प्रती जप्त करून छपाईच्या प्लेटा नष्ट करण्यात आल्या. डाव्या पक्षाचे कार्यकर्ते असलेले त्यांचे पुत्र एरिश यांना इ.स. १९३४ मध्ये अटक होऊन दहा वर्षांची शिक्षा झाली होती. शिक्षा संपत आली असताना, इ.स. १९४४ मध्ये, वेळेवर उपचार न मिळाल्याने त्यांचा मृत्यू झाला. या काळात झांडर मुख्यतः ऱ्हाइन परिसरातील निसर्गचित्रांकडे वळले. तरी छळ होत असलेल्या ज्यू नागरिकांची व्यक्तिचित्रेही त्यांनी काढली व ती प्रकल्पात समाविष्ट केली.

युद्धकाळात त्यांनी निगेटिव्हचा मोठा भाग वेस्टरवाल्डमधील कुखहाउझेन या गावी हलविला. कोलोनमधील स्टुडिओ बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. तेथील तळघरात राहिलेल्या सुमारे २५,००० ते ३०,००० निगेटिव्ह युद्धातून वाचल्या, पण इ.स. १९४६ मधील आगीत जळाल्या.

इ.स. १९५५ मध्ये न्यू यॉर्क येथील ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या प्रदर्शनात त्यांच्या चित्रांचा समावेश झाला. मूळ प्रकल्प त्यांच्या हयातीत पूर्ण झाला नाही. पुत्र गुंथर यांनी इ.स. १९८० मध्ये त्याची मोठी आवृत्ती प्रसिद्ध केली, तर सात खंडांची आवृत्ती इ.स. २००२ मध्ये निघाली. त्यांचा संग्रह सध्या कोलोन येथे आहे.