पहाटेच्या सुरावटीचा धनी

लग्न होऊन आकुर्डीला आले, तेव्हा आमच्याकडे घड्याळापेक्षा रेडिओवर भरवसा. सासूबाई उठल्या की आधी रेडिओ लावायच्या. सहाच्या आत आकाशवाणीची ती तंबोरा-व्हायोलिनची सुरावट वाजली की मी तवा चढवायची, कारण ह्यांची फर्स्ट शिफ्ट! इतकी आपली वाटणारी ही सुरावट कुणा परदेशी माणसाची असेल, असं स्वप्नातही आलं नाही.

मैत्रिणींनो, ती वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. जन्म १९०७ चा, बोहेमियातल्या कार्ल्सबादचा. धर्मानं ज्यू. संगीत शिकले बर्लिनला. पुढे प्रागला डॉक्टरेटचा प्रबंध लिहून तयार, पण मार्गदर्शक नाझींच्या युवक संघटनेचा पुढारी आहे म्हटल्यावर त्यांनी पदवीच नाकारली! हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये कॉफमन मुंबईत उतरले. का? तर इथला व्हिसा सहज मिळत होता म्हणून.

आपल्या संगीताच्या रेकॉर्डी त्यांनी ऐकल्या आणि त्यांना त्या मुळीच आवडल्या नाहीत. पण एवढी माणसं ज्यावर जीव टाकतात, त्यात काहीतरी असणारच, कमी आपल्याच कानात आहे, असं म्हणून ते शिकायला बसले. (नव्या घरची आमटी पहिल्या घासाला कुठे आवडते?) मेहली मेहतांसारख्या वादकांना घेऊन त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी चालवली. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. मोझार्ट, बीथोवनच्या जगातला हा माणूस, पण त्या सुरावटीत छाया आहे आपल्या शिवरंजनीची.

पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्कांची भाची. तिची आई आणि दोन्ही मावश्या नाझींनी मारल्या. इथे रोज सकाळी रेडिओ सुरू व्हायचा आणि तिकडे माहेरची माणसं एकेक करून संपत होती... मला तर हे वाचल्यापासून ते व्हायोलिन वेगळंच ऐकू येतं.

१९४६ मध्ये ते इंग्लंडला गेले, मग कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले, शेवटी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तिथे उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिले. १९८४ मध्ये ते गेले.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, की मग तो आपल्या गावी परत राहायला गेला की नाही? नाही म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठून रेडिओचा आवाज जरा मोठा केला.