महात्मा अय्यंकालींची बैलगाडी

एस.टी.चे तिकीट काढून आज आपण हव्या त्या गावाला जातो. कंडक्टर जात विचारत नाही. बांधवांनो, हा हक्क कुणी दान दिलेला नाही. या देशात त्यासाठी ज्यांनी जीव धोक्यात घातला, त्यांतले एक महात्मा अय्यंकाली.

28 ऑगस्ट 1863 रोजी त्रावणकोर संस्थानातील वेंगानूर गावी, अस्पृश्य मानलेल्या पुलय जातीत त्यांचा जन्म झाला. 1855 सालीच तेथे गुलामगिरी कायद्याने संपली होती. पण पुलयांनी शेत पिकवायचे आणि सार्वजनिक रस्त्यावर पाऊल ठेवायचे नाही, हा मनुवादी दंडक कायम होता. रस्ता बंद म्हणजे बाजार बंद, शाळा बंद, कचेरीही बंद! वाट अडवलेला माणूस मुक्त कसला?

1893 साली तिशीच्या अय्यंकालींनी बैलगाडी विकत घेतली. सवर्ण जमीनदार वापरत तशी, सजवलेली. अंगात शुभ्र वस्त्रे, डोक्याला फेटा, बैलांच्या गळ्यात घंटा. गाडी भर रस्त्याने निघाली. सवर्णांनी अडवली, पण ते मागे फिरले नाहीत. 1898 मध्ये बलरामपुरमला त्यांच्या अनुयायांवर हल्ला झाला, तेव्हा त्यांनीही मार खाऊन घेतला नाही.

स्वतः निरक्षर असलेल्या या माणसाने ओळखले होते की, रस्ता शाळेपर्यंत पोहोचला पाहिजे. 1907 साली त्यांनी साधुजन परिपालन संघम स्थापन केला. मुलांना शाळेत घेत नाहीत म्हणून शेतमजुरांनी त्यांच्या नेतृत्वाखाली काम बंद केले. जमीनदारांची शेते ओस पडली! 18 जून 1941 रोजी ते गेले, पण वाट मोकळी करून गेले.

त्यांच्या गाडीनंतर आठच वर्षांनी, 1901 साली, मसूर स्टेशनवर बालभीमराव भाऊ आणि घरच्या मुलांसह उभे होते. जात कळताच गाडीवानाला विटाळ झाला. त्याने दुप्पट भाडे घेतले आणि गाडी मुलांनाच हाकायला लावली. त्याच बाबासाहेबांनी साकारलेल्या संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी आणि तळ्यांबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे, तो उगाच नाही.

वकील म्हणून सांगतो, वस्तीचा किंवा स्मशानाचा वहिवाटीचा रस्ता सवर्णांनी अडवला, तर तो गावचा किरकोळ तंटा समजू नका. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. गावकीत मिटवू नका, फिर्याद द्या. अय्यंकालींना हेच खरे अभिवादन!