विश्लेषण : आरसा आधी गरम करा! डॉक्टरांना स्वरयंत्र दाखवणारे गायनगुरू मॅन्युएल गार्सिया कोण होते?

दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेत शरीरात घातलेली काच धूसर झाली, तर सर्जनला काम थांबवून ती बाहेर काढावी लागते. त्यामुळे काच आत जाण्याआधी गरम करून घेतली जाते. घशात आरसा घालताना हीच काळजी घेऊन जिवंत माणसाचे स्वरयंत्र हालताना पाहणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. ते होते गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया.

रंगमंच का सोडला?

गार्सिया यांचा जन्म १७ मार्च १८०५ रोजी स्पेनमध्ये झाला. घरच गाणाऱ्यांचे. वडील नामांकित ऑपेरा गायक, तर मारिया मालिब्रान आणि पोलिन व्हियार्दो या दोघी बहिणी पुढे युरोपभर गाजल्या. १८२५ मध्ये वडिलांनी कुटुंबासह न्यूयॉर्कला ऑपेरा नेला, तेव्हा वीस वर्षांचे मॅन्युएलही त्यात गात होते. मात्र त्यांच्या आवाजाला हा ताण झेपला नाही आणि काही वर्षांतच त्यांनी रंगमंच सोडला. पुढे ते फ्रेंच सैन्याच्या अल्जीरिया मोहिमेत गेले. परतल्यावर लष्करी रुग्णालयांत काम करताना त्यांनी शरीररचनेचा, विशेषतः घशाचा अभ्यास केला. आवाज नेमका कशाने बिघडतो, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

शिक्षक म्हणून ख्याती कशी मिळाली?

पॅरिसमध्ये ते गाणे शिकवू लागले. १८४१ मध्ये स्वीडनची तरुण गायिका जेनी लिंड त्यांच्याकडे आली, तेव्हा अतिश्रमाने तिचा आवाज थकला होता. गार्सिया यांनी तिला आधी काही आठवडे आवाजाला पूर्ण विश्रांती द्यायला लावली आणि मगच शिकवणी सुरू केली. लिंड पुढे जगप्रसिद्ध झाली. १८४८ मध्ये गार्सिया लंडनला गेले आणि तेथील रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये १८९५ पर्यंत शिकवत राहिले. मात्र एक अडचण कायम होती. ज्या अवयवाला ते वळण लावत होते, तो काम करताना त्यांनी पाहिलाच नव्हता. मृतदेहातले स्वरयंत्र दिसे, पण ते गात नसे.

आरशाचा प्रयोग काय होता?

सप्टेंबर १८५४ मध्ये पॅरिसच्या पॅले रॉयाल परिसरात फिरताना त्यांना दोन आरशांची कल्पना सुचली. उपकरणे बनवणाऱ्या शारिएर यांच्याकडून त्यांनी लांब दांड्याचा दातांचा छोटा आरसा सहा फ्रँकला घेतला. तो गरम पाण्यात धरून नीट पुसला आणि पडजिभेला टेकवला. दुसऱ्या, हातातल्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकला. स्वतःचे स्वरतंतू उघडताना आणि मिटताना त्यांना स्पष्ट दिसले. गाताना त्यांची हालचाल कशी होते, याची निरीक्षणे त्यांनी १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली.

गरम पाणी का लागले?

उच्छ्वासाची हवा उबदार आणि बाष्पाने भरलेली असते. थंड काचेला ती लागली, की बाष्पाचे बारीक थेंब होतात. गरम चहाच्या कपावर वाकल्यावर चष्म्याचे होते, तेच. काचेचे तापमान दवबिंदूच्या वर असेल, तर थेंब धरत नाहीत. ही युक्ती गार्सिया यांची स्वतःची नव्हे. ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉबर्ट लिस्टन यांनी १८३७ मध्येच घशात घालायचा आरसा गरम पाण्यात बुडवून घेण्याचा उल्लेख केला होता. गार्सिया यांचे वेगळेपण असे, की त्यांनी ऊब, प्रकाश आणि आरशाचा कोन यांचा मेळ घालून निरोगी, गाणाऱ्या गळ्याचा पद्धतशीर अभ्यास केला.

डॉक्टरांनी दखल घेतली का?

लगेच नाही. १८५७ मध्ये व्हिएन्नाच्या लुडविग ट्यूर्क यांनी रुग्णांवर आरसा वापरून पाहिला, पण हिवाळ्यात ऊन गेले आणि काम थांबले. योहान चेरमाक यांनी त्यांच्याकडूनच आरसे घेऊन दिव्याच्या प्रकाशावर तपासणी सुरू केली. मग श्रेय कोणाचे, यावर दोघांत मोठा वाद झाला. त्या वादात आरसा मात्र युरोपभर पोहोचला. १८६१ मध्ये जर्मनीतील व्हिक्टर फॉन ब्रुन्स यांनी आरशात पाहत स्वतःच्या भावाच्या स्वरयंत्रातील गाठ तोंडावाटे काढली. तेव्हा घसा बधिर करणारे औषध नव्हते. आरसा सहन करायची सवय रुग्णाला आधी लावावी लागे. अशा वेळी काच धूसर झाली, तर सगळी खटपट पुन्हा. म्हणून आरसा दिव्यावर धरून गरम करायचा आणि घसा भाजू नये यासाठी आधी स्वतःच्या हातावर टेकवून पाहायचा, ही डॉक्टरांची शिस्तच झाली.

आज काय बदलले?

तत्त्व तेच आहे. ऑपरेशन थिएटर थंड असते, तर पोटातले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हवा दमट. त्यामुळे दुर्बिणीचे टोक निर्जंतुक गरम पाण्यात किंवा खास उपकरणात ठेवून मग आत घालतात. काचेला लावण्याचे द्रावणही मिळते. त्यामुळे पाण्याचे थेंब न होता पातळ, पारदर्शक थर पसरतो. पोट फुगवण्यासाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड थंड आणि कोरडा असल्याने काच पुन्हा गार होऊ शकते. म्हणून काही ठिकाणी हा वायूही गरम व दमट करून सोडतात. प्रत्येक धूसरपणा मात्र वाफेमुळे नसतो. रक्त, चरबी किंवा धूर यांमुळे काच माखली असेल, तर ऊब पुरत नाही. ती पुसावीच लागते.

गार्सिया यांना श्रेय मिळाले का?

उशिरा, पण हयातीत मिळाले. क्योनिग्सबर्ग विद्यापीठाने १८६२ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली. १७ मार्च १९०५ रोजी त्यांची शंभरी लंडनमध्ये साजरी झाली, तेव्हा गायकांबरोबर घशाचे डॉक्टरही अभिवादनाला आले होते. राजे सातवे एडवर्ड यांनीही त्यांचा सन्मान केला. १ जुलै १९०६ रोजी वयाच्या १०१व्या वर्षी त्यांचे लंडनमध्ये निधन झाले. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या टेबलावर दांड्याचा छोटा गोल आरसा आजही असतो आणि तो घशात जाण्याआधी गरम केला जातो.