आईचा आवाज, लेकाचे ड्रम्स

सकाळची खोपोली-कर्जत लोकल. लौजी, डोलवली, केळवली एकेक करून मागे पडतंय, बाहेर पाऊस आणि डोंगरावर धुकं. अर्धा डबा कानात इअरफोन घालून बसलेला. कुणाचं रॅप चालू, कुणाचं लो-फाय. घरी आईला यातलं काही ऐकवलं तर ती म्हणणार, हे काय गाणं आहे? मग आपणही ठरवून टाकतो की, आईच्या पिढीला आपलं म्युझिक कळायचं नाही.

असं वाटत असेल तर 1988 साली आलेला एक अल्बम ऐका. नाव 'उस्फ्रेट', प्रकार जॅझ फ्युजन. ड्रम्स आणि तबला वाजवणारा त्रिलोक गुर्टू, मुंबईचा पोरगा. आणि त्यात गाणारी त्याची आई, शोभा गुर्टू. तेव्हा त्यांचं वय होतं 63!

शोभाताई मूळच्या बेळगावच्या. जन्म 1925 चा, माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई नृत्य करायच्या, गायच्याही. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ हे त्यांचे गुरू. म्हणजे छोट्या भानुमतीचा पहिला क्लास घरातच भरला. पुढे कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे तिची तालीम सुरू झाली. नंतर उस्ताद नत्थन खाँ यांच्याकडेही ती शिकली. पाया पक्का शास्त्रीय, ख्यालाचा. पण ठुमरी-दादऱ्याची गोडी लागली ती उस्ताद घम्मन खाँ यांच्यामुळे. ते मेनकाबाईंना शिकवायला घरी यायचे आणि लेक ऐकता ऐकता शिकत गेली.

लग्न झालं विश्वनाथ गुर्टू यांच्याशी. गुर्टू हे मूळचं काश्मिरी पंडितांचं घराणं. सासरे नारायणनाथ गुर्टू पोलीस खात्यात मोठे अधिकारी होते, पण सतारही वाजवायचे. त्या काळात गाणाऱ्या आईच्या मुलीला लग्नानंतर गाणं चालू ठेवता येणं ही साधी गोष्ट नव्हती. शोभाताईंचं गाणं थांबलं नाही.

त्यांनी निवडलं काय, तर ठुमरी. तेव्हा मैफलीत ख्यालाला मान मोठा. ठुमरी म्हणजे जरा हलकं, शेवटी गायचं, असं मानणारे खूप होते. शोभाताईंनी तीच मुख्य केली. ठुमरी, दादरा, कजरी, होरी. बेगम अख्तर आणि बडे गुलाम अली खाँ यांच्या गाण्याचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. पण आवाज त्यांचा स्वतःचा. थोडा जाड, भरदार, ऐकताच ओळखू येणारा. गाताना चेहरा आणि हातही बोलायचे. 'पाकीजा' (1972) आणि 'फागुन' (1973) या सिनेमांसाठी त्या गायल्या. 'मैं तुलसी तेरे आंगन की' (1978) मधल्या गाण्याला फिल्मफेअरचं नामांकनही मिळालं.

आता मुद्द्याचं. ठुमरीत शब्द असतात किती? दोन-चार ओळी. गायिका एकच ओळ घेते आणि पुन्हा पुन्हा म्हणते. एकदा रुसून, एकदा विनवून, एकदा चिडवून. शब्द तेच, अर्थ दरवेळी नवा. याला म्हणतात बोल बनाव. आधी ठरवलेलं फार थोडं, बाकी सगळं तिथल्या तिथे सुचलेलं. जॅझवाले तरी काय करतात? एक छोटी धून घेतात, तिच्याभोवती मनाला येईल तसं फिरतात आणि परत धुनेवर येतात.

त्रिलोक हेच ऐकत मोठा झाला. 1970 च्या दशकात तो युरोपात गेला, ट्रम्पेटवादक डॉन चेरीबरोबर वाजवू लागला. पुढे 'ओरेगॉन' या अमेरिकन ग्रुपमध्ये, मग गिटारिस्ट जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर. ड्रम्सच्या शेजारी तबला आणि पाण्याने भरलेली बादली ठेवायची, वाजती झांज त्या पाण्यात बुडवून तिचा सूर वाकवायचा, ही त्याची खासियत. पाऊस आवडणाऱ्यांनी हा आवाज जरूर ऐकावा!

स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम करायची वेळ आली तेव्हा त्याने आईला बोलावलं. 'उस्फ्रेट'मध्ये डॉन चेरी आहे, 'ओरेगॉन'चा राल्फ टाउनर आहे, 'शक्ती'चा व्हायोलिनवादक एल. शंकर आहे. आणि पहिल्याच ट्रॅकचं नाव 'शोभारॉक'! 1993 च्या 'क्रेझी सेंट्स'मध्येही त्या आहेत. तिथे सोबत जो झाविनुल आणि पॅट मेथिनी, म्हणजे फ्युजनमधली टॉपची माणसं.

ऐकताना एक गोष्ट पटकन लक्षात येते. शोभाताई कुठेही वेस्टर्न व्हायला जात नाहीत. मागे इलेक्ट्रिक बास असो की ड्रम्सचा गडगडाट, त्या बेळगाव-कोल्हापुरात शिकलेलंच गातात. तिथल्या तिथे सुचेल ते गाण्याची सवय त्यांना आयुष्यभराची होती, म्हणून त्या तिथे शोभून दिसतात. आपण जुन्या गाण्याला बीट लावतो आणि फ्युजन झालं म्हणतो. त्यात दोन्हीकडचं अर्धवट असतं. इथे दोन्हीकडचं पुरेपूर आहे.

1987 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2002 मध्ये पद्मभूषण. 27 सप्टेंबर 2004 रोजी मुंबईत त्या गेल्या. ठुमरीची राणी म्हणून पेपरांनी त्यांना निरोप दिला, आणि ते खरंच होतं. पण लेकाच्या अल्बममधली ही शोभाताई आपल्या वयाच्या फार कमी जणांना माहीत आहे.

तर उद्या लोकलमध्ये बसलात की आधी त्यांची एखादी ठुमरी लावा. मग 'शोभारॉक'. आणि घरी गेल्यावर एक इअरफोन आईच्या कानात द्या. तिला काय कळतं ते तिलाच विचारा.