खाणीत कोळसा फोडणारा पोरगा ब्रिटनचा पहिला मिलियन-सेलर गायक कसा झाला?

आजकाल गाणं हिट आहे की फ्लॉप हे दोन तासांत कळतं. व्ह्यूज, रील्स, ट्रेंडिंगचा नंबर, विषय संपला. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. रेडिओ नव्हता, टीव्ही नव्हता, टॉप टेनची यादीही नव्हती. त्या काळात स्कॉटलंडच्या एका माणसाने आपल्या रेकॉर्ड्स १० लाखांच्या वर विकल्या. असं करणारा तो पहिला ब्रिटिश कलाकार मानला जातो.

त्याचं नाव हॅरी लॉडर.

हॅरीचा जन्म ४ ऑगस्ट १८७० चा, एडिनबराजवळच्या पोर्टोबेलोचा. सात भावंडांत तो थोरला. वडील कुंभारकामातले कारागीर. चांगल्या कामासाठी ते इंग्लंडमधल्या डर्बीशायरला गेले आणि १८८२ मध्ये तिथेच न्यूमोनियाने वारले. हॅरी तेव्हा ११-१२ वर्षांचा होता. आई सगळ्या पोरांना घेऊन स्कॉटलंडला माहेरच्या बाजूला, आर्ब्रोथला परतली.

घर चालवायचं तर थोरल्याला कामाला लावणं भाग होतं. हॅरी तागासारख्या जवसाच्या धाग्याच्या गिरणीत लागला. अर्धा वेळ गिरणी आणि अर्धा वेळ शाळा असा तो प्रकार होता. दोन वर्षांनी कुटुंब हॅमिल्टनला आलं आणि हॅरी कोळशाच्या खाणीत उतरला. पुढची साधारण १० वर्षं तो जमिनीखालीच राबला.

खाणीत करमणुकीला दुसरं काय असणार? हॅरी काम करता करता गायचा आणि सोबतचे कामगार त्याला आणखी गायला लावायचे. मग गावातल्या छोट्या स्पर्धा आणि जलसे सुरू झाले. १८९१ मध्ये खाणीतल्याच एका अधिकाऱ्याच्या मुलीशी, ॲन उर्फ नॅन्सशी त्याचं लग्न झालं. १८९४ च्या सुमारास त्याने कुदळ-फावडं कायमचं खाली ठेवलं आणि तो पूर्णवेळ गायक झाला.

१९०० मध्ये तो लंडनला पोचला. तिथे म्युझिक हॉलचा जमाना होता. म्युझिक हॉल म्हणजे गाणी, विनोद, नकला, नाच असं सगळं एका तिकिटात मिळणारी थिएटरं. गॅटीज नावाच्या हॉलमध्ये हॅरीला ऐनवेळी संधी मिळाली आणि पब्लिकने त्याला उचलून धरलं.

त्याचा अवतार ठरलेला होता. गुडघ्यापर्यंतचा किल्ट, डोक्यावर स्कॉटिश टोपी आणि हातात वेडीवाकडी काठी. ही काठी इतकी गाजली की पिळदार फांद्यांच्या हेझलच्या एका जातीला आजही हॅरी लॉडरची काठी म्हणतात. उच्चार स्कॉटिश, पण लंडनच्या माणसाला कळतील इतपत सौम्य. बहुतेक गाणी तो स्वतःच लिहायचा. गाण्याच्या मध्येच थांबून गप्पा मारायचा, स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसायचा.

आता येते रेकॉर्डची गोष्ट.

१९०२ च्या सुरुवातीला ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीने हॅरीची पहिली ९ गाणी रेकॉर्ड केली. याच कंपनीची टीम त्याच वर्षाच्या शेवटी कलकत्त्याला आली आणि तिने गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला. पुढे कुत्र्याचं चित्र असलेली एचएमव्ही म्हणून आपण जी ओळखतो, ती हीच कंपनी.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाला एका मोठ्या भोंग्यासमोर उभं राहून जोरात गावं लागायचं. आवाजाने पडदा थरथरायचा, त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. नाजूक आवाज त्यात हरवून जायचे. हॅरीचा आवाज मात्र खणखणीत होता आणि शब्द स्पष्ट. त्याचं हसणंसुद्धा तबकडीवर नीट उमटायचं. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्याही घरात तो थेट पोचला.

१९०६ मध्ये त्याने पाथे कंपनीसाठी १४ गाणी केली. १९०८ मध्ये एडिसनसाठी सिलिंडर रेकॉर्ड झाले. १९०९ मध्ये न्यूयॉर्कला व्हिक्टर कंपनीकडे रेकॉर्डिंग झालं. १९१० मध्ये व्हिक्टरने मध्यम किमतीची जांभळ्या लेबलची नवी मालिका काढली, तर तिच्या पहिल्या १२ रेकॉर्ड्स एकट्या हॅरीच्या होत्या. कंपनीला नवा माल खपवायचा होता आणि त्यासाठी तिने खात्रीचा माणूस निवडला होता.

‘आय लव्ह अ लॅसी’ आणि ‘रोमिन इन द ग्लोमिन’ ही त्याची गाणी घराघरात वाजत होती. अमेरिकेत त्याला एका रात्रीचे १,००० डॉलर मिळू लागले. तो जगातल्या सगळ्यात महागड्या कलाकारांपैकी एक झाला. दौऱ्यावर असताना त्याच्यासाठी स्पेशल ट्रेन असायची.

आणि मग पहिलं महायुद्ध आलं.

हॅरी आणि नॅन्सला एकच मुलगा होता, जॉन. केंब्रिजला शिकलेला, संगीताची जाण असलेला. युद्ध पेटलं तेव्हा तो वडिलांसोबत ऑस्ट्रेलियात होता. तिथून तो सैन्यात हजर झाला आणि आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स रेजिमेंटमध्ये कॅप्टन झाला. इकडे हॅरी सैन्यभरतीसाठी गावोगावी कार्यक्रम करत होता. दुसऱ्यांच्या पोरांना लढायला चला म्हणून सांगत होता.

२८ डिसेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये जॉन मारला गेला. १ जानेवारी १९१७ ला, नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी, लंडनमध्ये हॅरीच्या हातात तार पडली.

हॅरीचा तेव्हा शाफ्ट्सबरी थिएटरमध्ये शो चालू होता. त्यात युद्ध जिंकून घरी परतणाऱ्या सैनिकांवर एक गाणं होतं. आपला मुलगा परत येणार नाही हे माहीत असताना त्याला रोज रात्री तेच गाणं गायचं होतं. हॅरी थांबला असता तर कोणीही बोल लावला नसता. पण शोवर कितीतरी लोकांचं पोट होतं, आणि प्रेक्षकांत सुट्टीवर आलेले सैनिक बसलेले असायचे. काही दिवसांतच तो परत स्टेजवर उभा राहिला.

तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याच वर्षी छोटा पियानो सोबत घेऊन तो फ्रान्सच्या आघाडीवर गेला. तोफांच्या आवाजात सैनिकांसमोर गायला आणि मुलाच्या कबरीवरही जाऊन आला. जखमी होऊन अपंग झालेल्या स्कॉटिश सैनिकांना पुन्हा पायावर उभं करण्यासाठी त्याने १० लाख पौंडांचं लक्ष्य ठेवून निधी सुरू केला. १९१९ मध्ये त्याला नाइटहूड मिळालं. खाणीतला हॅरी आता सर हॅरी लॉडर झाला होता.

पुढे १९२० च्या दशकात आलेलं ‘कीप राइट ऑन टू द एन्ड ऑफ द रोड’ हे गाणं जॉनच्या मृत्यूशी जोडलं जातं. वाट कितीही लांब असली तरी चालत राहायचं, असा त्याचा आशय. आयुष्यभर लोकांना हसवणाऱ्या माणसाचं हे गंभीर गाणं सगळ्यात जास्त टिकलं. १९५६ च्या एफए कपपासून बर्मिंगहॅम सिटी फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी ते आपलं केलं आणि आजही स्टेडियममध्ये ते घुमतं.

रेकॉर्डचा धडाका चालूच होता. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग सुरू झालं आणि भोंगा मागे पडला. १९२७ मध्ये व्हिक्टरने हॅरीला आपल्या रेड सील लेबलवर नेलं. हे लेबल ऑपेराच्या दिग्गजांसाठी ओळखलं जायचं आणि त्यावर गेलेला हॅरी हा एकमेव विनोदी कलाकार. पण त्याच वर्षी नॅन्स गेली. पोरानंतर बायकोही गेल्यावर तो घरात एकटा पडला.

त्याच्यावर टीकाही कमी झाली नाही. किल्ट घालून कंजूष स्कॉटिश माणसाचे विनोद करणारा हॅरी जगाला आमचं कार्टून दाखवतो, असं स्कॉटलंडमधल्याच अनेकांना वाटायचं. कवी ह्यू मॅकडायर्मिड त्यात सगळ्यात पुढे होते. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. स्कॉटिश माणूस म्हणजे असाच, ही प्रतिमा जगभर पक्की होण्यात हॅरीचा मोठा वाटा होता.

१९३५ मध्ये तो निवृत्त झाला, पण दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी पुन्हा गायला. त्याची शेवटची रेकॉर्डिंग्ज १९४० ची. २६ फेब्रुवारी १९५० ला स्ट्रॅथेव्हनच्या घरी, वयाच्या ७९ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

आता गंमत बघा. ब्रिटनमध्ये गाण्यांचा पहिला अधिकृत चार्ट छापून आला तो १४ नोव्हेंबर १९५२ ला. म्हणजे हॅरी गेल्यावर सुमारे पावणेतीन वर्षांनी. त्यामुळे ज्याच्या लाखो तबकड्या घराघरात फिरत होत्या, त्या माणसाच्या नावावर हयातीत ब्रिटनच्या चार्टवरचा एकही नंबर वन नाही.