गाडगेबाबांचे प्रश्न

आमच्या धानोरा तालुक्यात धानाच्या बांध्यांत पाणी साचले की तापाचे दिवस सुरू होतात. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात मी कॉलेजातून गावी गेलो, तेव्हा माझ्या चुलत बहिणीचे दोन वर्षांचे पोर तापाने फणफणले होते. अंगणात गावचे पुजारी आजा सुपात तांदूळ घेऊन बसले होते. भोवती सारे घर गोळा झालेले. मी नुकताच चार पुस्तके वाचून आलेलो. सर्वांसमक्ष मी आजांना नको ते बोललो. ताप तांदळाने जातो काय, डास काय सुपात बसतो काय, असे काहीबाही. आजा काही बोलले नाहीत. त्यांनी सूप उचलले आणि ते निघून गेले. त्यांच्यामागे अंगणही रिकामे झाले. काकूने पोराला आत नेले आणि दार लावून घेतले. संध्याकाळी आशाताई बोटातले थेंबभर रक्त तपासायला आल्या, तेव्हाही ते दार उघडले नाही. आता माझ्या बाजूचा म्हणून कोणालाच घरात थारा नव्हता. दुसऱ्या दिवशी सांजेला पोराला झटके आले. मग धावपळ, आधी धानोरा, तेथून गडचिरोली. मेंदूला चढलेला मलेरिया होता. पोर वाचले. परंतु तो दीड दिवस माझ्या जिभेने घालवला, ही बोच मनातून जात नाही.

माझे म्हणणे शास्त्राला धरून होते. मग ते कोणी का ऐकले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला गाडगेबाबा भेटले. म्हणजे शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीतले नव्हे. तो हातात खराटा घेतलेला म्हातारा मी लहानपणापासून पाहत होतो. मला भेटले ते प्रश्न विचारणारे गाडगेबाबा.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी, आई सखुबाई. जत्रा, नवस, बोकड आणि दारू हे त्या काळी अनेक घरांतले कुळाचार होते. देवाच्या नावाने घरात शिरलेली दारू देव गेला तरी घरातून जात नाही. झिंगराजींचे आयुष्य त्या व्यसनापायीच अकाली संपले. लहानगा डेबूजी आईबरोबर आजोळी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास आला. तेथे त्याने गुरे राखली, नांगर धरला आणि सावकाराच्या कागदापुढे अडाणी माणूस कसा नागवला जातो तेही पाहिले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नव्हते; परंतु जे डोळ्यांसमोर घडते ते का घडते, हे विचारण्याची खोड त्याला तेव्हापासूनच लागली असावी.

या खोडीचा पहिला फटका घरच्यांनाच बसला. डेबूजीला पहिली मुलगी झाली. बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू देण्याची रीत होती. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. नातेवाईक रागावले, कुळाचार मोडला म्हणून दोष देऊ लागले. त्याने मात्र ज्या रीतीने आपला बाप नेला ती पाळायची नाही, असे ठरवून टाकले होते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने भाऊबंदांना उपाशी परत पाठवले नाही, पंगत मोडली नाही. पंगतीतले पान तेवढे बदलले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. पुढची बारा वर्षे ते अनवाणी हिंडले. अंगावर चिंध्या, हातात मडक्याचे खापर. त्या खापरातच जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे; पाऊस आला की तेच डोक्यावर. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की कोणाशी न बोलता ते खराटा चालवू लागत. यात्रांतून पटकीची साथ पसरे, माणसे पटापट मरत आणि लोक त्याला देवीचा कोप म्हणत. बाबा कोपाविषयी वाद घालीत बसले नाहीत. ते घाण उपसू लागले. दिवसभर त्यांना राबताना पाहिलेले गाव रात्री आपण होऊन कीर्तनाला येई.

त्यांचे कीर्तन हे मला विलक्षण प्रकरण वाटते. आपल्याकडे कीर्तनकार सांगतो आणि श्रोते ऐकतात. बाबा मात्र विचारीत आणि श्रोते उत्तर देत. सुरुवात अगदी साध्या प्रश्नाने होई. पोर शाळेत जाते काय? कर्ज काढून लग्न केले काय? लोक होय बापा, नाही बापा म्हणत आणि एकेक पायरी उतरत उतरत स्वतःच्याच उत्तरापाशी येऊन थबकत. सत्यनारायणाच्या कथेविषयीचा त्यांचा प्रश्न प्रसिद्ध आहे. पूजेच्या पुण्याईने साधुवाण्याची बुडालेली नौका वर येते, तर महायुद्धात इतकी जहाजे समुद्रात गेली, ती पूजा घालून वर का काढीत नाहीत, असे ते विचारीत. मंडप हसून लोटपोट होई. पण त्या हसण्यात कोणी एकटा पडत नसे. सारे गाव मिळून आपल्या स्वतःवरच हसत असे. मी अंगणात आजांना जो प्रश्न विचारला तोही वरकरणी असाच होता. फरक एवढाच की माझ्या प्रश्नावर हसणारा मी एकटा होतो आणि अपमान झालेले सर्व.

गाडगेबाबा देव मानीत की नाही, याचा निकाल लावण्याची माझी योग्यता नाही. त्यांच्या कीर्तनात देवकीनंदन गोपालाचा गजर होई. पंढरीच्या वारीला ते वर्षानुवर्षे गेले, पण तेथे रमले ते वाळवंट झाडण्यात. देऊळ त्यांनी आपल्यासाठी बांधले नाही. बांधल्या त्या धर्मशाळा: पंढरपूर, नाशिक, आळंदी आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही. भक्ताच्या मनातली भूतदया त्यांनी काढून घेतली नाही, ती दवाखान्याच्या दाराशी आणून उभी केली. शाळा, औषध, स्वच्छता या नव्या गोष्टी त्यांनी जुन्या शब्दांत सांगितल्या, म्हणून त्या परक्या वाटल्या नाहीत.

याचमुळे की काय, ज्यांची बुद्धी कोणाच्या पायाशी सहसा वाकली नाही अशी माणसेही त्यांच्याजवळ आली. कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांना भेटत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. भिक्षुकशाहीवर आसूड ओढणारे प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ साली बाबांचे चरित्र लिहिले. कऱ्हाडला १९५४ साली निघालेल्या कॉलेजला कर्मवीर भाऊराव पाटलांनी बाबांचे नाव दिले. पुढे १९७७ साली 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट आला. त्यात बाबा उभे केले ते डॉ. श्रीराम लागू यांनी; आणि डॉ. लागू तर आपण देव मानीत नाही असे उघडपणे सांगत. हेच डॉ. लागू डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर व्यासपीठावर बसत. देवाविषयी दोघांची भूमिका वेगळी, आणि तो मतभेद ते लोकांसमोर न भांडता मांडत. माझ्या अल्प मतीला हे धागे एकाच वस्त्राचे वाटतात.

बाबांचा मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली तेव्हा ते कीर्तनात उभे होते. कीर्तन त्यांनी पुरे केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ बाबांची प्राणज्योत मालवली. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. शाळा न पाहिलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला, हेही नवलच.

गाडगेबाबांचे वाचता वाचता मला आमच्याच तालुक्याकडे नव्याने पाहता आले. चातगावजवळच्या शोधग्रामात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्यापूर्वी तो कसा हवा, हे आदिवासींना विचारले. म्हणून तो मोठ्या इमारतीसारखा न होता आपल्या गावासारखा झाला आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. कठाणीकाठच्या मेंढा गावात तर अभ्यासगट बसतात. बाहेरचा शिकलेला आणि गावचा न शिकलेला एका सतरंजीवर बसून विचारतात, ऐकतात. आपल्या दारात हे चालले असताना मी मात्र जिंकायला निघालो होतो.

गेल्या वर्षी मी पुजारी आजांकडे गेलो. आधी माफी मागितली. मग पहिल्यांदाच त्यांना विचारले की ताप ते कसा ओळखतात. ते तासभर बोलले. एकाआड एक दिवस थंडी वाजून येणारा ताप कोणता, रोज चढणारा कोणता, रोवणीनंतर तो का वाढतो, सारे त्यांनी पाहून ठेवले होते. मी डासाचे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि मला विचारले की एका झोपडीत, एकाच घोंगडीखाली दोघे भाऊ झोपतात, डास दोघांना चावतो. मग एक मरणाला टेकतो आणि दुसरा चार दिवसांत उठून बसतो, ते का?

मला उत्तर येत नव्हते. तसे सांगितले. पुढे एका डॉक्टरांना विचारले, तेव्हा कळले की प्रश्न मोठा आहे. त्याला कारणे अनेक, पण त्यांतले एक आमच्या रक्तातच आहे. आमच्याकडे पुष्कळांच्या रक्तात सिकलसेलचा दोष असतो. आई आणि बाप दोघांकडून तो आला तर आजार होतो; एकाकडूनच आला तर माणूस सहसा धडधाकट राहतो आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. ज्यांना मी अडाणी म्हणालो, त्यांनी शास्त्रज्ञांनी विचारला तोच प्रश्न विचारला होता.

हे उत्तर घेऊन मी दिवाळीत आजांकडे गेलो. आता तापाचे पोर आले की ते तांदूळ टाकतात आणि त्याच पावली आशाताईंकडे पाठवतात. तांदूळ कशाला, असे मी विचारलेले नाही. कधीतरी विचारीन, त्यांनी परवानगी दिली तर. रक्तातल्या दोषाचे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की असा दोष आपल्याच लोकांत का आला, हे त्या डॉक्टरला विचारून ये.

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मला ते शोधून ठेवायचे आहे.